एक झेल आणि ३,२८२ सामने : जॉर्ज व्हाइटमनची कारकीर्द कशी वाचायची?

अमेरिकन बेसबॉलचा इतिहास वाचताना जॉर्ज व्हाइटमन हे नाव बहुतेक एकाच ठिकाणी भेटतं. सप्टेंबर १९१८, वर्ल्ड सिरीज, बॉस्टन रेड सॉक्स विरुद्ध शिकागो कब्ज. त्या सहा सामन्यांच्या वर्णनात पस्तीस वर्षांचा हा आउटफिल्डर दोन-तीन मोक्याच्या क्षणी पुढे येतो, शेवटच्या सामन्यात जमिनीवर लोळण घेत एक झेल पकडतो, आणि मग पुस्तकातून गायब होतो. पुढच्या पानावर बेब रूथ असतो आणि त्यानंतर सगळी पानं रूथचीच.

पण हाच माणूस मायनर लीगमध्ये ३,२८२ सामने खेळला. मायनर लीगच्या इतिहासात इतके सामने दुसऱ्या कुणाच्या नावावर नाहीत. त्या सामन्यांत त्याचे ३,३८८ हिट्स आहेत. म्हणजे एकीकडे सहा सामने, ज्यांच्यावर पानंच्या पानं लिहिली गेली. आणि दुसरीकडे तीन हजारांवर सामने, ज्यांच्याबद्दल आकड्यांच्या रांगांपलीकडे फारसं काही नाही. संशोधनाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी नेमकी अशीच साधनं हाताळावी लागतात. म्हणून आज या एका कारकिर्दीवर जरा सविस्तर बोलू. बेसबॉल येत नसेल तरी चालेल, लागेल तेवढं सांगत जाईन.

आधी शब्द तपासा : 'जर्नीमन'

व्हाइटमनसारख्या खेळाडूला इंग्रजीत 'जर्नीमन' म्हणतात. हा शब्द ऐकला की आपल्याला प्रवास आठवतो, गावोगाव फिरणारा खेळाडू वगैरे. मुळात त्याचा प्रवासाशी संबंध नाही. तो आला फ्रेंच 'जुर्ने'वरून, म्हणजे दिवस. युरोपातल्या कारागिरांच्या संघटनांमध्ये तीन पायऱ्या होत्या : शिकाऊ, मग जर्नीमन, मग मास्टर. जर्नीमन म्हणजे काम पूर्ण शिकलेला, पण स्वतःचं दुकान नसलेला, रोजावर काम करणारा कारागीर. त्याचं कौशल्य कमी नसायचं. त्याच्याकडे मालकी नसायची.

हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. आज क्रीडा-पत्रकारितेत 'जर्नीमन' म्हणजे 'ठीकठाक, पण वरच्या दर्जाचा नाही' असा अर्थ रूढ झालाय. म्हणजे मूळ शब्द कामाच्या अटींबद्दल बोलत होता आणि आजचा शब्द गुणवत्तेबद्दल बोलतो. अटींचं वर्णन हळूच गुणवत्तेचा निकाल कसं बनतं, हे बघणं हे इतिहासाच्या विद्यार्थ्याचं काम आहे.

'मायनर लीग' म्हणजे तेव्हा नेमकं काय होतं?

आपल्याला समजायला सोपं म्हणून कुणी सांगेल, 'मायनर लीग म्हणजे आपली रणजी'. ही तुलना त्या काळासाठी फसवी आहे. रणजी ही राष्ट्रीय संघाच्या खालची पायरी आहे आणि दोन्ही एकाच नियामक संस्थेखाली चालतात. १९१० च्या आसपासचे मायनर लीगचे क्लब हे स्वतंत्र धंदे होते. शहरातला कुणी तरी मालक, त्याचं मैदान, त्याचे प्रेक्षक, त्याचा नफा-तोटा. वरच्या क्लबने खालचे क्लब विकत घेऊन तिथे खेळाडू 'पिकवायचे' ही पद्धत ब्रँच रिकीने सेंट लुईसमध्ये रुजवली ती १९२० च्या दशकात. व्हाइटमनच्या उमेदीच्या काळात ती नव्हती.

मायनर लीगांची संघटना १९०१ मध्ये शिकागोत स्थापन झाली. तिने लीगांची ए, बी, सी, डी अशी प्रतवारी केली. १९१२ मध्ये वर 'डबल ए' हा वर्ग आला. १९०३ च्या करारानंतर मेजर आणि मायनर यांच्यातले व्यवहार ठरले. त्यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या.

पहिली, 'रिझर्व्ह क्लॉज'. खेळाडूचा करार एका हंगामाचा असला तरी पुढच्या हंगामासाठी त्याच्यावर क्लबचाच हक्क राहायचा. दर वर्षी तेच. क्लबने सोडलं तर तो मोकळा, क्लबने विकलं तर तो विकला गेला. त्याला विचारायचं कारण नव्हतं. १९२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉल हा आंतरराज्य व्यापार नाही असं म्हटलं, त्यामुळे मक्तेदारीविरोधी कायद्याचा दरवाजाही बंद झाला.

दुसरी, 'ड्राफ्ट'. वरच्या वर्गातला क्लब ठरावीक किंमत मोजून खालच्या क्लबचा खेळाडू उचलू शकायचा. त्यामुळे खालच्या क्लबला आपला चांगला माणूस ठरावीक दरात जाण्याआधीच जास्त दराने विकायची घाई असायची.

आता विचार करा, अशा व्यवस्थेत एखादा खेळाडू पंचवीस वर्षांत दहा शहरं फिरला, तर त्याला 'भटका' म्हणायचं का? प्रत्येक हालचालीत त्याची इच्छा किती आणि मालकाचा हिशोब किती? करिअरच्या तक्त्यात दोन्ही सारखेच दिसतात : वर्ष, शहर, सामने, सरासरी. तक्ता क्रियापद सांगत नाही. तो 'गेला' की 'पाठवला गेला', हे दुसऱ्या साधनातून काढावं लागतं.

ह्यूस्टनचे दोघे

व्हाइटमनचा जन्म २३ डिसेंबर १८८२ चा, इलिनॉयमधल्या पिओरियाचा. १९०७ मध्ये तो टेक्सस लीगमध्ये ह्यूस्टनकडून खेळत होता. त्याच संघात एकोणीस वर्षांचा आणखी एक आउटफिल्डर होता : ट्रिस स्पीकर. हंगामाच्या शेवटी दोघेही बॉस्टनला गेले आणि त्याच सप्टेंबरात दोघांनी मेजर लीगमधलं पहिलं पाऊल टाकलं.

पुढे स्पीकर १९२८ पर्यंत मेजर लीगमध्ये खेळला. ३,५१४ हिट्स. १९३७ मध्ये हॉल ऑफ फेम. आजही बेसबॉलच्या सर्वोत्तम सेंटर फिल्डर्सची यादी त्याच्याशिवाय होत नाही. व्हाइटमनला बॉस्टनने मोजके सामने खेळवून सोडून दिलं. तो परत खाली गेला आणि १९२९ पर्यंत खेळत राहिला. ३,३८८ हिट्स.

३,५१४ आणि ३,३८८. किती मोहात पाडणारी जोडी आहे ना! एकच संघ, एकच महिना, जवळजवळ सारखीच संख्या, आणि एक हॉल ऑफ फेममध्ये, दुसरा तळटीपेत. असं काही हाताला लागलं की संशोधक लगेच 'अन्याय' हे प्रकरण लिहायला घेतो. थांबा. स्पीकरने ते हिट्स वॉल्टर जॉन्सनसारख्या पिचर्सविरुद्ध घेतले. मायनर लीगमध्ये समोरचा पिचर सरासरीने कच्चा, मैदानं कमी-जास्त मापांची, आणि हंगामाची लांबीही लीगगणिक वेगळी. दोन संख्या एकाच एककात नाहीत. तुलना करायची असेल तर ती हिट्सची नको, टिकून राहण्याची करा. दोघेही दोन दशकांहून जास्त काळ दर उन्हाळ्यात कुणा ना कुणा मालकाला पैसे देऊन ठेवावेसे वाटले. ही गोष्ट दोन्हीकडे सारखी मोजता येते.

मधे १९१३ मध्ये व्हाइटमनला न्यूयॉर्क यांकीजकडून ११ सामने मिळाले. त्यात त्याची सरासरी तीनशेच्या बरीच वर होती, म्हणजे उत्तमच. तरी पुढच्या हंगामात तो तिथे नव्हता. यावरून 'त्याची गुणवत्ता कुणी ओळखली नाही' असं म्हणता येणार नाही, आणि 'तो कमी पडला' असंही नाही. ११ सामन्यांत कोणाचाही आकडा चढतो किंवा घसरतो. एवढ्या छोट्या नमुन्यावरून ज्याला जे सिद्ध करायचंय ते सिद्ध होतं, म्हणून त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

१९१८ : दार कसं उघडलं

आता मुख्य भाग. पस्तिशीतल्या मायनर लीगरला देशातल्या सगळ्यात मोठ्या संघात जागा मिळाली कशी? नेहमीची गोष्ट अशी : 'युद्धामुळे खेळाडू कमी पडले, नशिबाने संधी मिळाली, त्याने सोनं केलं.' त्याचं टोपणनावही 'लकी' व्हाइटमन असंच नोंदलेलं आहे. पण 'नशीब' हे इतिहासात कारण म्हणून लिहिता येत नाही. त्या शब्दाच्या आत काय काय भरलंय ते उघडून बघावं लागतं. इथे मला निदान चार गोष्टी दिसतात.

एक, रिकामी जागा. अमेरिका एप्रिल १९१७ मध्ये युद्धात उतरली. बॉस्टनचा नेहमीचा लेफ्ट फिल्डर डफी लुईस नौदलात गेला. म्हणजे नेमकी व्हाइटमनची जागा मोकळी झाली.

दोन, वय. जून १९१७ च्या सक्तीच्या सैन्यनोंदणीत २१ ते ३० वयाचे पुरुष होते. मे १९१८ मध्ये जनरल एनॉक क्राउडर यांनी 'काम करा नाहीतर लढा' असा आदेश काढला, आणि जुलैत युद्धमंत्री न्यूटन बेकर यांनी बेसबॉल हा अत्यावश्यक धंदा नाही असा निर्णय दिला. ऐन पंचविशीतला खेळाडू कधी हातातून जाईल याचा भरवसा राहिला नाही. पस्तिशीतला मात्र या जाळ्याबाहेर होता. एरवी जे वय करिअर संपवतं, तेच त्या उन्हाळ्यात त्याची किंमत बनलं. आणि तारीख बघा. ऑगस्टअखेर कायदा बदलला, १८ ते ४५ वयाच्या पुरुषांची नोंदणी १२ सप्टेंबर १९१८ ला ठरली. वर्ल्ड सिरीज संपली ११ सप्टेंबरला. वयाची ती सवलत मालिकेच्या दुसऱ्याच दिवशी संपणार होती.

तीन, ओळख. १९१८ मध्ये रेड सॉक्सचा मॅनेजर झाला एड बॅरो. त्याआधी तो इंटरनॅशनल लीगचा अध्यक्ष होता. आणि व्हाइटमन १९१७ मध्ये कुठे होता? त्याच लीगमध्ये, टोरंटोकडून. नॅप लाजोईच्या नेतृत्वाखाली टोरंटोने त्या वर्षी विजेतेपद मिळवलं. बॅरोला खालच्या बाजारात कोण भरवशाचा आहे हे कागदावरून नाही, डोळ्यांनी माहीत होतं. 'नशिबा'चा बराचसा भाग हा असा ओळखीच्या जाळ्यात असतो.

चार, रूथ. बेब रूथ तेव्हा मुख्यतः पिचर होता, पण १९१८ मध्ये बॉस्टनने त्याला इतर दिवशीही फलंदाजीसाठी मैदानात उतरवायला सुरुवात केली. त्याने त्या हंगामात १३ सामने जिंकून दिले आणि ११ होमरन मारले, लीगमध्ये सर्वाधिकच्या बरोबरीचे. रूथ डावखुरा फलंदाज. डावखुऱ्या पिचरसमोर डावखुऱ्या फलंदाजाला चेंडू नीट दिसत नाही, हे तेव्हाही मानलं जायचं. शिकागोचा मॅनेजर फ्रेड मिचेल याने वर्ल्ड सिरीजमध्ये सगळी मदार हिप्पो व्हॉन आणि लेफ्टी टायलर या दोन डावखुऱ्या पिचर्सवर टाकली. हेतू उघड होता : रूथला मैदानाबाहेर ठेवायचं. आणि तसंच झालं. बॅरोने लेफ्ट फिल्डला उजव्या हाताचा व्हाइटमन खेळवला.

पहिल्या सामन्याची फलंदाजीची यादी आज वाचली तर दचकायला होतं. चौथ्या क्रमांकावर, म्हणजे सगळ्यात जबाबदारीच्या जागी, जॉर्ज व्हाइटमन. नवव्या, शेवटच्या क्रमांकावर, बेब रूथ, कारण त्या दिवशी तो पिचर होता.

या चारांपैकी एकही गोष्ट व्हाइटमनच्या हातात नव्हती. मग त्याचं स्वतःचं काय? तर पस्तिशीतही त्याचं शरीर आणि हात तयार होते. युद्धाने जागा रिकामी केली तेव्हा ती भरायला लायक माणूस कुठे तरी रोज खेळत असायला हवा होता. तो होता. चारही कारणं आवश्यक होती, पुरेशी नव्हती. 'आवश्यक' आणि 'पुरेसं' हा फरक सिनॉप्सिस लिहितानाच मनात पक्का करून ठेवा, पुढे व्हायव्हात उपयोगी पडतो.

आणखी एक बाजू. ज्या युद्धाने वरचं दार उघडलं, त्यानेच खालचं घर बंद केलं. १९१८ मध्ये ज्या मायनर लीग सुरू झाल्या त्यांपैकी फक्त इंटरनॅशनल लीगने हंगाम पूर्ण केला. बाकी सगळ्या मधेच थांबल्या. म्हणजे व्हाइटमन वर गेला त्याच उन्हाळ्यात त्याच्यासारखेच शेकडो लोक बेकार झाले. एका माणसाची वर जाण्याची गोष्ट सांगताना त्याच लाटेत बुडालेले दिसेनासे होतात.

सहा सामने

मालिका ५ सप्टेंबरला शिकागोत सुरू झाली. पहिला सामना बॉस्टनने १-० असा जिंकला. त्या एकमेव धावेच्या मांडणीत व्हाइटमनचा एक हिट होता. दुसऱ्या सामन्यात बॉस्टन ३-१ ने हरलं, पण त्यांची एकमेव धाव त्याच्या ट्रिपलवर आली. तिसऱ्यात त्याने डोड पॅस्कर्टचा होमरन जाऊ शकणारा फटका लेफ्ट फिल्डच्या कडेला झेलला आणि बॉस्टनने २-१ ने बाजी मारली. चौथा सामना बॉस्टनला, ३-२. पाचवा शिकागोला, ३-०.

सहावा सामना, ११ सप्टेंबर, फेनवे पार्क. तिसऱ्या इनिंगमध्ये दोन जण बाद, दोन जण बेसवर, आणि व्हाइटमनने उजवीकडे सरळ फटका मारला. शिकागोच्या मॅक्स फ्लॅकच्या हातून तो निसटला. दोन धावा. अधिकृत नोंदीत हा हिट नाही, ती फ्लॅकची चूक आहे. आठव्या इनिंगमध्ये टर्नर बार्बरचा खाली येणारा फटका पकडायला व्हाइटमन पुढे झेपावला, कोलांटी खाल्ली, चेंडू सोडला नाही. मान दुखावली म्हणून थोड्याच वेळात तो बाहेर गेला. त्याच्या जागी लेफ्ट फिल्डला उतरला बेब रूथ. बॉस्टनने सामना २-१ आणि मालिका ४-२ ने जिंकली.

आता आकडे बघा. सहा सामन्यांत व्हाइटमनचे २० अ‍ॅट-बॅट, ५ हिट्स, सरासरी .२५०. म्हणजे साधारण. तरी तो नायक ठरला, कारण त्याच्या अख्ख्या संघाची सरासरी होती .१८६ आणि सहा सामन्यांत मिळून बॉस्टनच्या धावा होत्या फक्त ९. आणि त्याचा सगळ्यात निर्णायक फटका फलंदाजीच्या तक्त्यात हिट म्हणून नाहीच. आकडा एकटा वाचायचा नसतो, तो कशाच्या शेजारी उभा आहे ते बघून वाचायचा असतो.

याच मालिकेत आणखी एक घटना आहे, आणि माझ्या दृष्टीने ती झेलापेक्षा महत्त्वाची. पाचव्या सामन्याआधी दोन्ही संघांचे खेळाडू मैदानात उतरलेच नाहीत. सामना सुमारे तासभर उशिरा सुरू झाला. कारण, त्या वर्षी गर्दी कमी, तिकिटं स्वस्त, आणि मिळकतीतला काही वाटा इतर संघांनाही द्यायचं ठरलेलं. त्यामुळे खेळाडूंच्या पदरात अपेक्षेपेक्षा खूपच कमी पडणार होतं. बॉस्टनचा हॅरी हूपर खेळाडूंच्या वतीने बोलत होता. स्टेडियममध्ये जखमी सैनिक बसलेले असताना पैशांसाठी भांडण, असं चित्र झालं. खेळाडू शेवटी खेळले. विजेत्यांना प्रत्येकी साधारण ११०० डॉलर मिळाले. आणि शिक्षा म्हणून विजेत्यांना दरवर्षी दिलं जाणारं पदकही त्यांना नाकारलं गेलं. ती पदकं रेड सॉक्सने खेळाडूंच्या वारसांना दिली १९९३ मध्ये, पंचाहत्तर वर्षांनी.

स्पीकरसारख्या ताऱ्याला अकराशे डॉलर म्हणजे हंगामाच्या पगाराचा एक तुकडा. ज्याला वरच्या दर्जाचा पगार एकाच उन्हाळ्यापुरता मिळतोय त्याच्यासाठी ती रक्कम काय असेल? आदल्या दिवशीच्या संपात मागितलेले पैसे आणि दुसऱ्या दिवशीचा झेल, ही एकाच कामगाराची दोन कामं आहेत. क्रीडा-इतिहास बहुतेकदा दुसरं ठेवतो आणि पहिलं 'वाद' म्हणून बाजूला काढतो.

आणि मग?

मग काही नाही. युद्ध नोव्हेंबरात संपलं, सैनिक परत आले. १९१९ मध्ये बॉस्टनने रूथला जवळजवळ रोज आउटफिल्डला खेळवलं आणि त्याने २९ होमरनचा नवा विक्रम केला. व्हाइटमन परत टोरंटोला. मेजर लीगमध्ये तो पुन्हा कधीच खेळला नाही. १९०७ चे मोजके, १९१३ चे ११ आणि १९१८ चे ७१, असे सगळे मिळून त्याचे मेजर लीगमधले सामने शंभरही भरत नाहीत. त्यानंतर तो आणखी दहा हंगामांहून जास्त काळ मायनर लीगमध्ये खेळला, चाळिशी ओलांडल्यावरसुद्धा. १९४७ मध्ये ह्यूस्टनमध्ये त्याचं निधन झालं.

हे 'मग काही नाही' म्हणजे खरं तर अर्धी कारकीर्द आहे. आपण तिला 'नंतरचं' म्हणतो, कारण आपण शिखर आधीच ठरवून बसलोय. त्याने स्वतः ती तशी जगली असेल का? दर वसंतात नवा करार, गुडघे अजून साथ देतायत का ते बघणं, रेल्वेने पुढच्या शहरात जाणं, हेच त्याचं आयुष्य होतं. १९१८ हा त्यातला अपवाद होता. अपवादावरून माणूस ओळखायचा की नियमावरून?

तुमच्या विषयासाठी काय घ्यायचं?

पहिलं, साधनं कुठे दाट आहेत आणि कुठे विरळ, याचा नकाशा आधी काढा. व्हाइटमनबद्दल सप्टेंबर १९१८ चे अमेरिकेतले सगळे मोठे पेपर बोलतात. बाकीच्या वर्षांसाठी सेंट लुईसहून निघणारं 'द स्पोर्टिंग न्यूज', वार्षिक गाइड्स, गावोगावचे स्थानिक पेपर, जनगणनेच्या नोंदी असं वेचावं लागतं. साधनं दाट आहेत म्हणून प्रकरण मोठं, आणि विरळ आहेत म्हणून एक परिच्छेद, असं झालं तर तुमच्या प्रबंधाचा आराखडा तुम्ही नाही, १९१८ च्या संपादकांनी ठरवला.

दुसरं, वर्गवारी कोणी केली ते विचारा. 'मेजर' कुणाला म्हणायचं हे निसर्गाने ठरवलेलं नाही. १९६८-६९ मध्ये एका समितीने मेजर लीगांची यादी पक्की केली. कृष्णवर्णीय खेळाडूंच्या निग्रो लीग्ज तिच्यात नव्हत्या. डिसेंबर २०२० मध्ये १९२० ते १९४८ मधल्या अशा सात लीगांना मेजरचा दर्जा मिळाला आणि २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदीत आले. कारकिर्दीतल्या सरासरीच्या यादीत टाय कॉबच्या वर जॉश गिब्सन आला. एकही नवा चेंडू टाकला गेला नाही, इतिहास मात्र बदलला. आणि हे विसरू नका की व्हाइटमन ज्या दारातून तीनदा आत-बाहेर झाला, ते दार त्याच्या पिढीतल्या कृष्णवर्णीय खेळाडूसाठी एकदाही उघडलं नाही, युद्धात माणसं कमी पडली तेव्हासुद्धा नाही. जर्नीमनची वंचितता मोजताना ती कुणाच्या मानाने, हे लिहायलाच हवं.

तिसरं, दुय्यम माणसावर काम करणं म्हणजे त्याला 'खरा नायक' ठरवणं नव्हे. व्हाइटमन स्पीकरपेक्षा मोठा होता हे सिद्ध करायची गरज नाही, आणि ते होणारही नाही. त्याच्या कारकिर्दीतून व्यवस्था दिसते : करार, वय, ओळखी, प्रतवारी, मोबदला. ताऱ्याच्या चरित्रात या गोष्टी झाकल्या जातात, कारण तिथे सगळं श्रेय प्रतिभेला जातं.

तुमचा विषय फिरत्या नाटक कंपनीतला दुय्यम नट असेल, गिरणीतला बदली कामगार असेल किंवा तालुक्याच्या कोर्टातला वकील असेल. त्याच्याबद्दल एक दिवस गाजलेला सापडेल आणि वीस वर्षं कोरी. सुरुवात गाजलेल्या दिवसापासून करायला हरकत नाही, वाचक तिथूनच आत येतो. पण सिनॉप्सिस गाइडकडे देण्याआधी एकदा मोजून बघा : त्या एका दिवसाला किती पानं दिलीत, आणि उरलेल्या वीस वर्षांना किती?